नावाआधीचा शब्द

कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. माझ्या मसुद्यात चूक काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. काल एक मच्छीमार आपल्या मुलीला घेऊन आले. माशांच्या संशोधनासाठी ती उत्तर ध्रुवाकडील एका कोळ्यांच्या गावी निघाली आहे. तिकडे मृत्यू ओढवल्यास देहाचे काय करावे, याविषयी पित्याचे संमतिपत्र हवे होते. त्यावाचून तिला जाता येणार नव्हते.

मी कागद टंकून पुढे केला. वडिलांचे बोट एका जागी थांबले.

"भाऊ, पोरीच्या नावाआधी 'मयत' का लिवलंय?"

"हाताच्या सवयीनं झालं असेल, बाबा," ती हसली. "पण तुम्ही वाचायला कधी शिकलात?"

"सहीपुरतं आन् तुझं नाव येतं, आन् हा एक शब्द. तुझा भाऊ दर्यात गेला, तेव्हाच्या कागदांवर होता."

तिचे हसू मावळले. दुःख माणसाला मोजकीच अक्षरे शिकवते, परंतु ती पुसली जात नाहीत, असे मला वाटून गेले.

मी नवा कागद लावला. "ही तरी परत आणावी, असं लिवा," ते म्हणाले. सही करण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक ओळीवरून सावकाश बोट फिरवले. तो शब्द कोठेच नाही, एवढेच त्यांना वाचायचे होते.