सोमवारच्या आधी उघडलेली भट्टी

दर रविवारी एर्मेते दोरिगो भाजीची टोपली घेऊन थोरल्या भावाच्या, नेरेओच्या दारात उभा राहायचा. वसंतात शेजारच्या बेटावरचे कोवळे आर्टिचोक, थंडीत कडवट लाल पाल्याचे गड्डे, एरवी बाजारात जे चांगलं दिसेल ते. आमच्या मुरानो बेटावरच्या बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. नेरेओ टोपली घ्यायचा, धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचा. ती थाप एर्मेतेला किती लागायची, हे आम्हाला कुठे माहीत होतं!

मी इनेस. दोरिगोंच्या कारखान्यात काचसामान गवतात बांधायचं काम माझ्या आईने केलं, मग मी केलं. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून तिथे झुंबरं होतात. ज्या बाकावर बाप बसला त्याच बाकावर नेरेओ बसायचा. झुंबराची फांदी वळवावी तर त्याने! काम करताना तो सारखा शिव्या घालायचा. काचेला, भट्टीला, बायकोच्या माहेराला. शिव्या थांबल्या की आम्ही समजायचो, काहीतरी बिघडतंय.

एर्मेतेकडे निववायची भट्टी होती. घडवलेली काच तिच्यात दार बंद करून सावकाश गार करायची असते. घाई केली तर वरून काही कळत नाही. माल लख्ख दिसतो, पण आत ताण राहतो आणि मग महिन्यांनी कधीतरी, कुणी हातही न लावता, तो फुटतो. आमच्याकडची शेंबडी पोरंही हे जाणतात.

तरी एर्मेतेने घाई केली. त्रिएस्तेच्या एका हॉटेलाचं मोठं झुंबर होतं, फांद्या मनगटाएवढ्या जाड. रेदेंतोरेच्या सणाचा शनिवार होता. घरोघरी होड्या सजत होत्या, कांद्या-व्हिनेगरातल्या माशांचा वास गल्लीभर सुटला होता. नेरेओने बजावलं होतं, "सोमवार सकाळपर्यंत दाराला हात लावायचा नाही." पण एर्मेतेची बायको लीदिया हिला सणाहून परस्पर माहेरी किओज्जाला जायचं होतं, आणि सोमवारी परत कोण येणार? शनिवारी दुपारी त्याने दार किलकिलं केलं आणि निघता निघता फांद्या बाहेर काढून ठेवल्या. एकीलाही तडा नव्हता. त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. हे सगळं पुढे त्यानेच मला सांगितलं.

झुंबर लागलं, वाहवा झाली. पानगळीत त्या हॉटेलात लग्नाची पंगत बसली असताना एक फांदी तुटून टेबलावर आली. नवरीच्या मावशीच्या मनगटाला टाके पडले. फोन आला तेव्हा नेरेओचा चेहरा पांढराफटक पडला.

"भट्टी कधी उघडलीस?" त्याने विचारलं.

"सोमवारी. तूच सांगितलं होतंस ना?" एर्मेते म्हणाला.

तुकडे आणायला एर्मेते स्वतः गेला. ते नेरेओच्या नजरेला पडले असते तर तडा पाहूनच त्याने ओळखलं असतं. म्हणून येताना एर्मेतेने ते समुद्रात टाकले आणि घरी येऊन सांगितलं, मी पोचायच्या आधीच हॉटेलवाल्यांनी केरात फेकले.

आदल्या हिवाळ्यात नेरेओ न्यूमोनियाने झोपला होता. तेव्हापासून उजव्या हाताला किंचित थरथर होती, काम करताना जाणवूही नये इतकी. आता मात्र, भट्टीचा दोष नाही म्हटल्यावर, तो त्या हाताकडे बघत बसला. "आज मनगटावर भागलं," तो म्हणाला, "उद्या कुणाच्या लेकराच्या डोक्यात पडेल. माझ्या हाताचा भरवसा संपला." आजोबांचा चिमटा त्याने एर्मेतेच्या मुलाच्या, दानिलोच्या हातात दिला आणि बाक सोडला. एर्मेते तिथेच उभा होता. तोंड उघडायला तेव्हा वेळ होती. मेल्याने उघडलं नाही.

पुढे तो मला म्हणाला, "त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. वर्षाने सांगितलं असतं तर मोठं भांडण. मग पोरगा बाकावर रुळला, आणि नेरेओ मला भेटला की म्हणायचा, तू आहेस म्हणून कारखाना आहे. यावर काय सांगणार, इनेस?" सणाला होडीत बसणं त्याने सोडलं. भावाच्या घरी त्याच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून टोपली द्यायची आणि दारातूनच परतायचं. वर्षामागून वर्षं गेली. नेरेओ मासे पकडायचा, जाळी विणायचा, काचेला शिवायचा नाही.

मग एका उन्हाळ्यात, सणाच्या आधी, मी दानिलोची फांदी गवतात गुंडाळत होते. नेरेओ मला मासे द्यायला आला होता, एर्मेते हुक मोजत होता. माझ्या हातात फांदी टक् करून दुभंगली.

दानिलो धावत आला. "दाबलीस कशाला एवढी? हात आहेत की सांडशी?"

"तुझ्या जन्माआधीपासून बांधतेय मी!" मी भडकले. "तुझ्या बापाला विचार, किती फोडल्या ते!"

एर्मेतेने तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि पोरावर ओरडला, "तिला काय बोलतोस? भट्टी लवकर उघडलीस ना तू? वळणाच्या बुडाशी असा तिरका तडा उगाच जातो? त्रिएस्तेलाही हुबेहूब असाच..."

पुढचं त्याने गिळलं. पण जे गेलं ते गेलं.

नेरेओने माशांची पिशवी खाली ठेवली. "त्रिएस्तेचा तडा तू पाहिलास?"

एर्मेतेने हातातला तुकडा पाठीमागे लपवला.

"शनिवारी उघडलीस?"

एर्मेतेने होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता हा त्याच्या थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. नेरेओ निघून गेला. त्या रविवारची टोपली त्याच्या दाराबाहेरच सुकली.

सणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो कारखान्यात आला. दानिलो बाकावरून उठला. नेरेओ बसला, चिमटा मागून घेतला आणि भावाला म्हणाला, "फुंकणी दे."

म्हातारा एर्मेते नव्या नोकरासारखा धावपळ करू लागला. फुंकणी दिली, काच तापवून आणली, हवी तिथे धरली. नेरेओ काम करत होता आणि एक शिवीही देत नव्हता.

फांदी निववायच्या भट्टीत गेली. "सोमवारी," एवढंच बोलून तो घरी गेला.

शनिवारी सगळं मुरानो होड्यांत बसून गेलं. एर्मेते भट्टीच्या दारासमोर स्टूल टाकून बसला. लीदियाने मासे पाठवले, ते तसेच राहिले. रविवारीही तो तिथेच होता. मी म्हटलं, "अरे, दार काय पळून जाणार आहे का?" तो म्हणाला, "दार नाही, इनेस. मी पळेन."

सोमवारी सकाळी नेरेओने स्वतः दार उघडलं. फांदी खिडकीपाशी नेली. काच निर्मळ होती, कुठे ताण नाही, बुडबुडा नाही. पण वळण मधेच डळमळलं होतं, हात जिथे थरथरला तिथे.

"वाकडी आहे," तो म्हणाला.

"काका, सवय मोडलीय फक्त," दानिलो म्हणाला. "महिनाभर बसा..."

"गप रे." नेरेओ भावाकडे वळला. "आता गेला हात, ते मला दिसतंय. पण तेव्हा? तेव्हा चांगला होता ना?"

एर्मेतेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चांगला होता, नेरेओ. तुझा हात चांगला होता."

नेरेओने फांदी माझ्यापुढे ठेवली.

"नीट बांध, इनेस," तो एर्मेतेकडे बोट दाखवत म्हणाला. "याला घरी न्यायची आहे."