धर्माचा खांदा

धर्मा गेल्याची बातमी मला वकिलांच्या ओटीवर कळली, तीही तक्रार म्हणून. "धर्मा कोळी मेला म्हणे... आता दिवाळीला मुंबईची मंडळी उतरायची कशी?" वकील पानाला चुना लावत म्हणाले. एवढाच शोक.

किहीमच्या अलीकडच्या आमच्या गावाला धक्का नाही. बोट लांब उभी राहते, होडी उतारूंना कंबरभर पाण्यापर्यंत आणते आणि पुढे माणसाच्या खांद्यावर बसून किनारा गाठायचा. वर्षानुवर्षं तो खांदा धर्माचा होता. वकील, खोत, समतेवर भाषणं ठोकायला येणारे पुढारी, सगळे त्याच्यावर बसून कोरडे उतरले आणि घरी जाऊन अंघोळ करून शुद्ध झाले. पाण्यात असेपर्यंत मात्र विटाळ कुणाला आठवत नसे!

एकदा मी त्याच होडीत होतो. खोतांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. धर्मानं तो पाहिलाच नाही. कोपऱ्यात तापलेलं पोर घेऊन एक मजूरबाई बसली होती, तिच्यापुढे तो वाकला.

"अरे, मी कोण आहे ठाऊक आहे ना?" खोत गरजले.

"हाय ना रावसाब. वजन ठाव हाय तुमचं. जरा दम धरा."

खोतांना दम धरवेना. रागानं स्वतःच उतरले आणि फेट्यासकट पाण्यात बसले. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, धर्माच्या खांद्यावर कुणी बसायचं नाही. मग बाकीच्या कोळ्यांनीही पाण्यात पाय घातला नाही. पुढच्या बोटीला गावची सारी प्रतिष्ठा धोतर वर धरून चिखल तुडवत आली. थोड्याच दिवसांत खोतांनीच धर्माला बोलावणं धाडलं. पश्चात्ताप कसला... शिंपल्यांनी तळवे फाटले होते.

"का रे गेलास परत त्यांना उचलायला?" मी धर्माला चिडून विचारलं.

"मास्तर, होडीत म्हातारी माणसं बी असतात."

या आश्विनात अंगात ताप असताना तो पाण्यात उभा राहिला आणि छातीत कफ धरला. डॉक्टर, तेही त्याच्याच खांद्यावरून गावात आलेले, कोळीवाड्यात यायला तयार होईनात. "त्याला इकडे आणा," असा निरोप आला. पोरांनी खाटेसकट उचललं. वाटेतच संपला.

परवा त्याच्या झोपडीत गेलो होतो. बोटीचा भोंगा झाला तशी त्याची बायको जनाबाई उठली आणि तिनं चुलीवर पाणी ठेवलं. गारठलेला तो आला की पाय शेकायला लागायचं. पाणी तापल्यावर तिनं हंडा उतरवून दाराशी ठेवला.

"सवय हाय, मास्तर," ती म्हणाली.

पाणी निवेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.