रुसव्याला बायकॉट

भूमच्या पेठेत धोंडप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांची खरी ख्याती रुसण्यात होती. लग्नात मानाचा विडा आधी दुसऱ्याला गेला, की ते उपरणं झटकून उठत आणि मठाच्या ओट्यावर लिंबाखाली जाऊन बसत. मग यजमानानं नारळ घेऊन यायचं, दंडाला धरायचं, "तुमच्याबिगर अक्षता पडायच्या न्हायत" म्हणायचं. एवढं झालं की धोंडप्पा उपकार केल्यासारखे उठत.

एकदा ते माल आणायला निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला गेले, तर बाजारात "बायकॉट, बायकॉट" अशी ओरड चाललेली. परतल्यावर त्यांनी सोलापुरात इंग्रजी शिकलेल्या शरणबसप्पा मास्तरांना गाठलं.

"काका, ते माणसाचं नाव हाय," मास्तर म्हणाले. "आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी होता, इंग्रज. कुळं चिडली. त्याच्या रानात कुणी राबंना, दुकानदार जिन्नस देईनात, कुणी बोलंना. तवापासून कुणाशी समद्यांनी मिळून संबंध तोडले, की त्येच्याच नावाचं क्रियापद वापरत्यात."

"आन् बायकू? ती बोलत हुती का?"

"ते पुस्तकात न्हाय."

"मग अर्धवटच पुस्तक. फुडं?"

"गेला की आयर्लंड सोडून."

"भित्रा!" धोंडप्पा म्हणाले.

उन्हाळ्यात त्यांच्या लाडक्या नातीचं, शिवकांताचं लग्न निघालं. "घरचं कार्य हाय. आज तरी रुसू नगा," असं त्यांच्या बायकोनं, चन्नम्मांनी बजावलं होतं. पण विड्याचं तबक मास्तरांच्या हाती होतं आणि पहिला विडा नवरदेवाच्या मामाला गेला. धोंडप्पांचं उपरणं आपोआप झटकलं गेलं.

ओट्यावर ते ऐटीत बसले. वाट पाहिली. नारळ येईना. ओळखीची माणसं समोरून मांडवाकडं गेली, पण एकानंही रामराम घातला नाही. मास्तरांचा बायकॉटचा बेत त्यांच्या ध्यानात आला. मांडवात वाजंत्री सुरू झाली. नातीवर अक्षता टाकायच्या राहिल्या तर?

तेवढ्यात चन्नम्मा आल्या. नवऱ्याकडं न पाहता लिंबाला म्हणाल्या, "झाडा, पोरगी अंतरपाटाआडून म्हाताऱ्याला हुडकायलीय. ठरलंय म्हणून म्या बोलायची न्हाय कुणाशी."

आणि निघून गेल्या.

धोंडप्पा बसूनच राहिले. त्या बायकॉट साहेबाला जायला त्याचं इंग्लंड तरी होतं. आपण भूम सोडून जायचं कुठं? शेजारच्या परंड्याला?

"लिंबाच्या झाडानं सांगितलं म्हणून निघालोय," असं ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मग धोतर सावरत ते जे पळत सुटले, ते मांडवातच थांबले. कुणीतरी न बोलता त्यांच्या ओंजळीत अक्षता घातल्या. शिवकांता मुंडावळ्यांतून हसली, आणि विड्याचं ते विसरूनच गेले.

पंगतीत मात्र गव्हाची गोड हुग्गी पानात पडताच ते मांडवाच्या खांबाकडं पाहून म्हणाले, "खांबा, हुग्गीवर तूप कमी पडलंय."

चन्नम्मांनी तुपाची अख्खी वाटी त्यांच्या पानात उपडी केली. "खांबाला म्हणावं, आता गप जेव."