शेवटच्या माणसाची शिट्टी

दोंडाईचा स्टेशनवर बाबांनी मला खिडकीपाशी बसवलं, बॅग बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून गाडी सुटेपर्यंत एकच गोष्ट तीनदा सांगितली. "सुरतेत कुठे अडलीस तर घाबरायचं नाही. नुसतं सांगायचं, मी हिरामणभाऊंची पुतणी." आई रडत नव्हती. काकूंसाठी दिलेलं कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ पिशवीत सांडणार तर नाही ना, एवढंच ती खिडकीच्या गजांतून पुन्हा पुन्हा बघत होती.

मला बाबांच्या त्या वाक्याचा राग आला होता. मी तेवीस वर्षांची, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, पर्समध्ये नोकरीचं पत्र. तरी माझी ओळख काय, तर कुणाची तरी पुतणी.

हे मी गावी राहिलेल्या तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे सुरतेला, वापीला, पुण्याला गेले त्यांच्यासाठीही. तुम्हाला वाटतं की बाबांचं ते वाक्य इथे माझ्या कामी आलं. मी ते एकदाही म्हटलं नाही.

हिरामणकाका बाबांचे मोठे भाऊ. अठ्ठावीस वर्षं सुरतेत, उधन्याच्या कारखान्यात माग चालवतात. त्यांच्या कमाईवर बाबांचं डी.एड. झालं आणि नंतर माझी शाळा. नवागामला त्यांची एक खोली आहे, वर पत्रा. पहिले चार महिने मी तिथेच राहिले. एका आठवड्यात माझ्या लक्षात आलं की काकूंना काकांना हाक मारायची असली की त्या टॉवेल हलवतात. मागांच्या खडखडाटात काकांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण पातळ, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसत. कुकरची शिट्टी नाही, फोनची रिंग नाही. समोर बसलेल्या माणसाचं मात्र त्यांना सगळं कळायचं, कारण ते ओठ वाचायचे. कारखान्यात सगळे असेच बोलतात, या मागावरून त्या मागावर, नुसत्या ओठांनी. मी घरी आले की काका मला दाराकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे उजेड माझ्या चेहऱ्यावर पडायचा. "बोल आते," म्हणायचे, बोल आता. त्यांचा आवाज एवढा मोठा की शेजारची बाई आपल्यालाच बोलावलं असं समजून डोकवायची.

मग मी अडाजणला पीजीत राहायला गेले. तापीच्या पलीकडे. ऑफिसपासून लांब पडत होतं, तरी गेले. काकूंना सांगितलं, ट्रेनिंग आहे.

ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरवर साड्यांच्या किनारी काढायचे आणि कुणाशी बोलायचे नाही. लाजाळूपणा म्हणा, किंवा आपण तोंड उघडलं की गाव बाहेर पडेल ही भीती. एका रविवारी बागेच्या फाटकावर एका क्लबचा कागद दिसला. दर रविवारी नदीकाठी चालणं, महिन्यातून एकदा डांगच्या डोंगरात. फी नाही, ऑफिस नाही, सगळे आपापल्या हौसेने काम करणारे. क्लब चालवणाऱ्या मीनलबेन कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, सुरतेत तुझं कोण आहे?

"काका आहेत. टेक्स्टाइलमध्ये."

"रिंगरोडच्या साडी मार्केटात दुकान?" हे पराग म्हणाला. हा मूळचा पुण्याचा, बँकेत नोकरीला, क्लबमधला सर्वांत बोलका माणूस. मी नुसती हसले. लाजाळू माणसाच्या हसण्याला लोक होकार समजतात, हे मला शाळेपासून माहीत होतं.

क्लबची शिस्त शिट्टीवर चालायची. डोंगरात रांग लांबते, म्हणून पुढचा माणूस एक लांब शिट्टी मारणार आणि सर्वांत शेवटच्या माणसाने दोन मारून उत्तर द्यायचं. दोन आल्या म्हणजे मागे सगळं ठीक. शिट्टी प्रत्येकाकडे असे; तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे कुणीतरी अडचणीत. शेवटच्या माणसाने कुणालाही मागे टाकून पुढे यायचं नाही, हा पहिला नियम. म्हणून शेवटचा माणूस क्लबमधला सर्वांत दमदार माणूस असे.

मला त्यांनी बुलेटिन दिलं. महिन्याचं एक पान, इंग्रजीत, कारण अर्धे गुजराती, अर्धे मराठी. कोण धापा टाकत होतं, कोणी तिघांचे ढोकळे एकट्याने संपवले, कोणाचा बूट ओढ्यात गेला. जे मी तोंडाने कधी बोलले नसते ते मी त्या पानावर लिहायचे आणि लोक हसून हसून एकमेकांना वाचून दाखवायचे. एका जाड बाईला मी "चालता तंबू" म्हटलं. ती पुढच्या महिन्यापासून आली नाही. मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात माझी एक जागा आहे.

हे सगळं मी नवागामला जेवायला गेले की फुशारकीने सांगायचे. कोणीही येऊ शकतं, असंही एकदा म्हणाले. ती माझी चूक.

एका रविवारी सकाळी सहाला काका नदीकाठी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात लग्नाला घालायचे बूट. मला पाहून त्यांनी हात वर करायला सुरुवात केली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बांधलेलीच होती. मान वर केली तेव्हा त्यांचा हात खिशात होता. वहीत त्यांनी स्वतःच आपलं नाव लिहिलं आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मीनलबेनला फार आनंद झाला. कामगार वस्तीतला माणूस आपल्यात आला म्हणून त्यांनी फोटो काढला.

काका सगळ्यांपेक्षा चांगले चालायचे. मागांच्या मधून दिवसाला बारा तास फिरलेले पाय ते. तिसऱ्या महिन्यात मीनलबेनने त्यांच्या गळ्यात शेवटच्या माणसाची मोठी शिट्टी अडकवली. "काका, तमे छेल्ला," म्हणजे तुम्ही शेवटचे. काकांनी ओठ वाचले आणि एवढे खूश झाले की मान हलवतच राहिले.

त्यांना शिट्टी ऐकू येत नाही हे तिथे फक्त मला माहीत होतं. बोलले असते तर तुला कसं माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं.

मग आमचं एक जमलं. कधी ठरवलं नाही, जमलं. मी त्यांच्या पुढे वीस पावलं चालायचे. पुढून शिट्टी आली की मी मागे वळून कानाला बोट लावायचे आणि काका दोन शिट्ट्या मारायचे. जोरात, छाती फुगवून. दोन सहलींत आमच्यात तेवढंच बोलणं झालं. खरं सांगायचं तर त्या खुणेत मला बरं वाटायचं. कुणाला न कळता मी त्यांची पुतणी होते.

तिसऱ्या सहलीत डांगच्या डोंगरात डबे खाऊन झाले आणि मीनलबेनने मला पुढे बोलावलं. बुलेटिनला एक पान वाढवायचं होतं. मी गेले. जाताना मागे पाहिलं तर काका डब्याचं झाकण लावत माझ्याकडेच बघत होते. मी खूण केली नाही. काय खूण करणार होते, मी निघाले म्हणून?

वळणावर मीनलबेनने लांब शिट्टी मारली. मागून काही आलं नाही. पुन्हा मारली. "तंबाखू मळत असतील," पराग म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. माझ्या गळ्यातही शिट्टी होती.

संध्याकाळी बसपाशी काका हसत आले आणि अंगठा वर करून दाखवला, सगळे आले. मोजले तर एक कमी. सुधाताई, पासष्टीच्या, एकट्या राहणाऱ्या. दोन तासांनी त्या सागाच्या झाडाखाली सापडल्या. लघवीला म्हणून वाटेवरून बाजूला गेल्या होत्या, खड्ड्यात पाय गेला, घोट्याचं हाड मोडलं. शिट्टी अजून तोंडात होती. ओठ पांढरे. त्या एकच सांगत होत्या, "माझ्यासमोरून गेला. मी वाजवतेय, वाजवतेय, आणि हा पाठ करून निघून गेला."

बसच्या उजेडात सगळे काकांभोवती उभे राहिले. चारी बाजूंनी एकदम बोलत होते. काका या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते, कुणाचं पूर्ण वाक्य त्यांना मिळत नव्हतं. शेवटी परागने अगदी समोर येऊन, सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "पीधेलो छे." प्यायलाय. तेवढं काकांना कळलं. गळ्यात माळ घालणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या यादीतली नावं तपासत होते.

त्यांनी तोंड मिटलं. ही माझी पुतणी, हिला विचारा, असं म्हटलं असतं तर सुटले असते. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीनलबेनचा फोन आला. "बेटा, जरा हळवुं लखजे." हलकंफुलकं लिही, नाहीतर पुढच्या सहलीला नवी नावं येणार नाहीत. मी वीस मिनिटांत लिहिलं. सुधाताईंच्या घोट्यावर दोन ओळी, काकांवर सहा. शेवटची ओळ मराठीत सांगायची तर अशी होती: "पुढच्या वेळी शेवटच्या माणसाच्या गळ्यात शिट्टीऐवजी घंटा बांधावी, निदान तो कुठे चरतोय ते तरी कळेल." खाली माझं नाव. ग्रुपवर हसरे चेहरे थांबेनात. महिन्याभरात मीनलबेनने खरोखरच पितळेची घंटा आणली. आता तिथे शेवटचा माणूस ती घालतो, सगळ्यांना मजा वाटते.

काका पुढच्या रविवारी नदीकाठी आले होते, शिट्टी परत करायला. रुमालात बांधून आणली होती. परागने ती घेतली आणि त्यांच्या हातात बुलेटिनचा छापील कागद दिला. "काका, तुम्ही पेपरात आलात." काका इंग्रजी वाचत नाहीत. पण तळाशी माझं नाव होतं, आणि माझ्या नावाची इंग्रजी अक्षरं त्यांना माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखीची. त्यांनी कागदाची घडी केली नाही. सरळ धरून घेऊन गेले. मी बाकावर बसून बघत होते.

दोन महिने मी नवागामला गेले नाही. मग काकूंचा फोन आला, रविवारी जेवायला ये.

खोलीत शेजारच्या तिघी बसलेल्या होत्या. देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर बुलेटिनचा कागद होता, लॅमिनेशन करून, चार कोपऱ्यांना चार खिळे. काका त्याखाली बसले होते. मला त्यांनी नेहमीच्या जागी बसवलं, दाराकडे तोंड करून.

"येनार-जानारले दखाडतस," काकू म्हणाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "मनी पुतनीनी लिखेल शे म्हनतस. पन आम्हले कोठे येस इंग्रजी? वाची दखाड ना, माय. मराठीमा सांग."

मी उभी राहिले. कागदावर बोट फिरवत, थांबत थांबत वाचल्यासारखं केलं. म्हटलं, यात लिहिलंय की नवागामचे हिरामण पाटील यांच्यासारखा चालणारा क्लबमध्ये दुसरा नाही. की त्यांनी सगळ्यांना सांभाळून आणलं. की क्लब त्यांचा आभारी आहे. शेजारणी माना डोलावत होत्या. एक म्हणाली, "हुशार शे पोर." आवाज नीट लागला. इतकं सलग मी या शहरात कधीच बोलले नव्हते.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. माझं संपलं तसे म्हणाले, "घंटीनं राही गयं."

घंटेचं राहून गेलं. त्यांच्या त्या मागावरच्या आवाजात. गल्लीत ऐकू गेलं असेल.

"लॅमिनेशनवालानी वाची दखाडं त्यास्ले," काकू म्हणाल्या. "त्याच दिनले." लॅमिनेशनवाल्याने वाचून दाखवलं त्या दिवसापासून दोघांना सगळं माहीत होतं. तरी त्यांनी खिळे ठोकले होते.

"कसानी घंटी?" शेजारणीने विचारलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "सांग ना."

मी सांगितलं. शेवटची ओळ, मराठीत, चरतोय हा शब्द न बदलता. कुणी हसलं नाही. एकीने पदर सावरला आणि निघून गेली, मग दुसऱ्या दोघी. काकूंनी ताट वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा. "जेव," म्हणाल्या, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

क्लब मी सोडला. कामं वाढली असं ग्रुपवर लिहिलं, कुणी कारण विचारलं नाही. सुधाताई काठी घेऊन चालतात असं ऐकते. मीनलबेनला सगळं सांगणारं एक पत्र मी लिहून ठेवलं आहे, अजून पाठवलेलं नाही.

दर रविवारी मी नवागामला जाते. जा असं कुणी म्हणत नाही, नको येऊस असंही नाही. कागद काढून टाका, असं मी एकदा काकूंना म्हणून पाहिलं. "कसाले? खाले तुनं नाव शे ना," त्या म्हणाल्या. कशाला, खाली तुझं नाव आहे ना. मी त्या कागदासमोर जेवते. काका मला उजेडात बसवतात, पण "बोल आते" म्हणत नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी बायका निवडण-टिपण करत बसलेल्या असतात. मी दिसले की एक म्हणते, "हिरामणभाऊनी पुतनी उनी," पुतणी आली, आणि मग त्या सगळ्या माझ्याकडे बघतात, मी खोलीत शिरेपर्यंत. घर कुठे, असं आता कुणी विचारलं तर मला तेवढाच रस्ता आठवतो.

बाबांचा फोन येतो. काकांकडे जातेस ना, विचारतात. जाते म्हणते.

"मग? ओळखतात ना तिथे सगळे तुला?"

"हो बाबा," मी म्हणते. "सगळे ओळखतात."