फुली वर, गोळा खाली

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "मावशी, आई गेली..." तिच्या मुलीचं, मनवाचं, एवढंच वाक्य. मी "बरं" म्हटलं आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. याला काय म्हणायचं? पाच आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, मिटते. गॅलरीत जाते, परत येते. हे म्हणतात, "नीला, जरा टेक." टेकवत नाही, त्याला मी काय करू?

देशात नव्या कंपन्या, नव्या वाहिन्या येत होत्या त्या वर्षांत आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. ती वर, मी खाली. कुमुद मूळची नागपूरची. शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि चाळिशीत पीएच.डी.ला बसली होती. विषय, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाची पहिल्या आठवड्यातली वाढ. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी कुलूपबंद व्हायची, म्हणून तिने अंडी उबवायला घरीच प्लायवूडची पेटी केली होती. आत दोन बल्ब, थर्मामीटर, पाण्याची वाटी. आमच्याकडे अंडं उंबरठ्याच्या आत येत नसे, पण तिच्याकडे मी हौसेने बघायला जायची. एकदा तिने तिसऱ्या दिवशीच्या अंड्याला कात्रीने एवढीशी खिडकी पाडली. बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका, आणि तो उडत होता. "हृदय," ती म्हणाली. "डोकं अजून धड झालेलं नाही, पण याला दम कुठे आहे!"

प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून तीनदा अंडी उलटायची आणि पेटीच्या दाराला आतून लावलेल्या तक्त्यात खूण करायची. "कोंबडी अंड्यांवर बसते म्हणतात लोक. बसते कुठे? सारखी चोचीने फिरवत असते बिचारी." का फिरवते, हे मी विचारलं नाही. मला कुठे परीक्षा द्यायची होती?

त्या फेब्रुवारीत तिच्या वडिलांचं आजारपण निघालं आणि ती लहानग्या मनवाला घेऊन नागपूरला पळाली. पेटीत शेवटची तीस अंडी होती. प्रबंध त्यांच्यावर अडलेला, विद्यापीठाची मुदत तोंडावर, आणि फरीदाबादच्या एका मोठ्या हॅचरीत, अंडी उबवण्याच्या केंद्रात, पदवी मिळताच नोकरी ठरलेली. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "नीलू, चारच दिवस. फुली वर, गोळा खाली, मग उलट."

पहिला दिवस मी नीट केलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या भावाचा फोन आला, फरीदाबादला नव्या सोसायटीत फ्लॅटचं बुकिंग उघडलंय, लगेच या. गेलो, आणि तिथेच तीन दिवस राहिलो. अंडी कुठे पळून जाणार आहेत, असं मी स्वतःला बजावलं. परत आल्यावर एका बैठकीत, एकाच पेनने, तक्त्यात नऊ खुणा केल्या.

कुमुद आली. एक अंडं फोडलं, दुसरं, पाचवं... प्रत्येकातला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेला. तिने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाइट गेली असेल," ती म्हणाली.

"हो ना, खूप वेळ गेली होती," मी म्हणाले. किती चटकन म्हणाले!

मुदत हुकली. हॅचरीने दुसरा माणूस घेतला. वर्षाने तिला पदवी मिळाली, पण ती शाळेतच राहिली. त्या वर्षी पेटीत नवी अंडी असताना पुन्हा नागपूरला जावं लागलं, तेव्हाही तिने किल्ली मलाच दिली. मी मनात म्हटलं, चला, हिला काही कळलेलं नाही.

तेराव्यानंतर मनवा आईची खोली आवरत होती. ती गुडगावला आयव्हीएफच्या लॅबमध्ये गर्भच सांभाळते. पेटी दिसली तशी मी उगाच बोलून गेले, "त्या वर्षी लाइट गेली आणि सगळे गर्भ चिकटले, आठवतंय?"

"लाइटने? नाही मावशी," ती सहज म्हणाली. "लाइट गेली तर ग्रोथ स्लो होते, जास्तच गेली तर मरतात. पण चिपकतात ते फिरवले नाहीत तर. आईला तर बिल्कुल माहीत असणार, यार, तिचा सब्जेक्टच होता तो."

मी पाणी प्यायला आत गेले... म्हणजे तिला पहिल्या अंड्यातच कळलं होतं. लाइट तिने माझ्यासाठी घालवली होती. आणि वर्षाने किल्ली दिली ती सगळं माहीत असून. मला तिचा राग येतो. भांडली असती, तर मी रडून मोकळी झाले असते की!

पेटी मनवा भंगारात देणार होती, मी मागून आणली. गॅलरीत ठेवली आहे, त्याच फरीदाबादच्या फ्लॅटच्या. दाराच्या आत तो तक्ता तसाच आहे, माझ्या नऊ खुणा एका रांगेत, एकाच तिरकेपणाच्या. शेजारी दुसऱ्या वर्षीचा, त्यात माझ्या खुणा वेड्यावाकड्या, वेळच्या वेळी केलेल्या. पहिल्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना तिने कोरा सोडला होता. काल संध्याकाळी, अंडी उलटायच्या वेळेला, मी पेन्सिल घेऊन तिथे लिहिलं, "लाइट गेली नव्हती."