दोन चौकोनांतले आजोबा

भार्गवीचं लग्न आतेभावाशी, कुशलशी झालं तेव्हा सोलापुरात कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मामाची मुलगी करायची ही घरची रीतच होती, शिवाय गोत्र वेगळं आणि पत्रिकेत एकतीस गुण. सासूला ती लग्नानंतरही आत्याच म्हणत राहिली. भुवया उंचावल्या त्या डब्लिनला आल्यावर. सँट्रीच्या ऑफिसात कुशलनं जेवताना सहज सांगितलं, तर समोरच्यांचे काटेचमचे हातातच थांबले. घरी येऊन तो म्हणाला, "भागू, इथं हे कुणाला सांगायचं नाही हं." तिनं मान डोलावली.

२०१५ साली, डब्लिनजवळ ल्यूकनला राहत असताना, इरावती झाली. तीन महिन्यांची असताना ती उलट्या होऊन मलूल पडली. हॉस्पिटलात पाहिलं तर रक्तातली साखर पार उतरलेली. दोन दिवसांत खडखडीत बरी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लग्नाआधीपासून तुम्ही नात्यातले आहात का?"

"नो, नो," कुशल म्हणाला. भार्गवी बाळाचं टोपडं नीट करत राहिली. बाईंनी फॉर्मवर खूण करून पान उलटलं.

सातव्या महिन्यात सर्दीतापाचं निमित्त झालं. इरावती दूध न पिताच झोपली आणि सकाळी उठलीच नाही. कारण सापडलं नाही, असं कागदावर आलं.

त्यानंतर ते "नो, नो" जणू घरातच राहायला आलं. भांडी घासताना, बसस्टॉपवर उभी असताना भार्गवीला ते ऐकू यायचं, अगदी त्याच सुरात. कुशललाही ऐकू येतं का, हे विचारायची तिला भीती वाटायची.

२०१७ मध्ये पुन्हा दिवस गेले. या वेळी दोघांना जनुकांच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथल्या बाई कागदावर वंशवेल काढू लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. डावीकडे कुशलची माणसं, उजवीकडे भार्गवीची. हात चालवत त्या समजावत होत्या. जनुकात कुठे एखादं अक्षर बदलतं, कुठे तुकडाच गळतो. काही बदल उन्हानं, सिगारेटच्या धुरानं होतात, काही पेशी नक्कल करताना चुकते म्हणून. हे बहुतेक त्या माणसाबरोबरच संपतात. काही मात्र पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येतात. एकच बिघडलेली प्रत असली तर माणूस ठणठणीत असतो. आई आणि बाबा, दोघांकडूनही तीच आली तर बाळ आजारी पडतं.

भार्गवीची नजर कागदावर खिळली होती. डावीकडे कुशलच्या आईच्या वर आजोबा. उजवीकडे तिच्या बाबांच्या वर आजोबा. ज्यांनी तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ते मेलेले पद्माकर आजोबा दोन चौकोनांतून तिच्याकडे बघत होते.

"हे दोघं एकच आहेत," ती बाईंना म्हणाली.

"भागू!"

"एकदा लपवलं तेवढं पुरे झालं, कुशल."

बाईंच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही चौकोन रेघेनं जोडले आणि सांगितल्याबद्दल आभार मानले. इतकं सोपं होतं ते! भार्गवीला तिथेच रडू फुटलं.

दोघांचं रक्त तपासलं. एकाच जनुकात, एकाच जागी, तेच अक्षर बदललेलं. पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळून निभावतं. ती जाळणारं एन्झाइम इरावतीकडे नव्हतं, हे जन्मल्यावर तिच्या टाचेतून घेऊन हॉस्पिटलनं जपून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबावरून कळलं.

"मग औषध काय?" कुशलनं विचारलं.

"औषध नाही. बाळाला उपाशी राहू द्यायचं नाही. आजारपणात खाल्लं नाही, तर लगेच हॉस्पिटल, सलाइन."

सारंग जन्मला, त्यालाही तोच आजार निघाला. पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून दूध पाजलं. आता २०१९ मध्ये तो दोन वर्षांचा दांडगोबा आहे. आत्या फोनवर म्हणतात, देवाची कृपा. भार्गवी वाद घालत नाही. पण सारंग जगला तो नुसत्या वेळेवरच्या दुधावर, म्हणजे तेव्हा खरं सांगितलं असतं, तपासणी झाली असती, तर इरावतीही जगली असती. हे तिला कुणी बोलून दाखवलेलं नाही. भूक लागली की सारंग तिची ओढणी ओढतो, कुशल वाटी भरून आणतो, आणि मुलगा जेवून होईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.