सासूबाईंचं जलप्रस्थान

सासूबाईंना मी माझ्या हातांनी ओढ्यात ढकललं, हे खरं आहे. त्या वेळी त्या बोटीत बसलेल्या होत्या, एवढंच माझं म्हणणं.

बोट माझीच. रबरी, हवा भरायची, दोघांपुरती. मला मुळात एका जागी बसवत नाही (सप्तपदीला गुरुजी म्हणाले होते, "ताई, सावकाश, शर्यत नाहीये!"). त्यात खळाळत्या पाण्यात वल्हं मारायचं दोन दिवसांचं शिबिर करून आलेले. मग काय, जुलैतल्या एका रविवारी नवऱ्याला आणि सासूबाईंना गाडीत कोंबलं, नाशिक सोडलं आणि पेठ रस्त्याच्या आतल्या बाजूचा एक ओढा गाठला.

"पावसाळ्यात लोक भजी खातात," पंप मारता मारता शिरीष धापा टाकत म्हणाला.

"तू पंप मार!"

बोट फुगली. अर्धी काठावर, अर्धी पाण्यात. सगळीकडे चिखल. सासूबाई म्हणाल्या, "मनीषा, मी यात जरा टेकते गं. गुडघे बोलायला लागले."

"टेका ना, आई!"

शिरीष दोरी घेऊन झाडाकडे गेला. मी वल्हं हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते.

"झालं का?"

"थांब."

"आता?"

"अगं, गाठ मारतोय! ... हां, झाली! हत्तीनं ओढली तरी सुटणार नाही!"

मग मी बोटीला जरासा धक्का दिला. तरंगते का बघावं, म्हणून. तरंगली. आणि गेली!

"शिरीष, दोरी!"

"पक्की आहे!" त्यानं झाडाची गाठ अभिमानानं दाखवली. दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

"अरे, बोटीला कोण बांधणार?"

"तू ना!"

दोन लाइफ जॅकेटांपैकी एक माझ्या अंगात, दुसरं शिरीषच्या (झाडाला दोरी बांधायला!). सासूबाईंच्या अंगावर नुसता रेनकोट. वल्हंही माझ्याच हातात. आणि बोट खडकांमधून गरागरा फिरत चाललेली!

"मनीषाऽऽ! याला ब्रेक कुठंय?"

"ब्रेक नाहीये, आई! घट्ट धरा! वाका, वाका, फांदी!"

मी काठानं धावत सुटले. घसरले, उठले, पुन्हा धावले. या बाईंना काही झालं तर? डोळ्यांत पाणी यायला लागलं. वळणापलीकडे एक नवरा-बायको भाताची लावणी करत होते. बाई ओरडली, "आवं, आजी एकलीच कुठं चालली?"

"धरा त्यांना! धरा!"

दोघांनी हातातली रोपं टाकली आणि ओढ्याकडे धाव घेतली. मला मात्र तेवढाही धीर नव्हता. मारली उडी! धारेनं मला उचललं, दोन खडकांमधून भिरकावलं, नाकातोंडात पाणी गेलं. शिबिरात शिकलेलं सगळं माझ्याआधीच वाहून गेलं. हाताला एक दगड लागला. डोळे घट्ट मिटून मी त्याला मिठी मारली.

"वाचवा! बुडाले! शिरीऽऽष!"

बराच वेळ ओरडले. कोणीच येईना. शेवटी एक डोळा उघडला.

बोट काठाला लागलेली. सासूबाई आत ठणठणीत, शेतकरी नवरा-बायकोनं दोन्हीकडून बोट धरलेली, शिरीषही पोचलेला. चौघंही अगदी शांतपणे माझ्याकडे बघत होते.

"मनीषा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "उभी राहा बघू."

राहिले. पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं.